पट्टी कुठे संपते

एवेलिनाला गाड्यांचा वीट आला होता. रस्त्यावरच्या नव्हे, त्या चौथ्या मजल्यावरून दिसतच नसत. हिवाळाभर खाली धुकं आणि समोर मोटारींच्या कारखान्याची लांबलचक भिंत, एवढंच काय ते दिसे. वीट आला होता तो टेबलावरच्या गाड्यांचा. बोटाएवढ्या लांब, दिसायला खेळणं पण हातात घेतल्यावर जड लागणाऱ्या, ओतीव धातूच्या गाड्या. प्रत्येकीच्या पोटाला मेणाने चिकटवलेली लाकडी काडी, आणि त्या काड्या भोकं पाडलेल्या फळीत रांगेने खोचलेल्या. जेवायच्या वेळी फळी उचलून कपाटावर ठेवायची, जेवणं झाली की टेबल पुसून पुन्हा खाली आणायची. हे इतकी वर्षं चाललं होतं की सुपाला टर्पेंटाइनचा वास आला नाही तर तिच्या नवऱ्याला, सेकोंदोला, मीठ कमी वाटे.

गाड्या यायच्या ओस्तोरेरोच्या वर्कशॉपमधून. तोरिनो शहरात अशी लहान वर्कशॉपं तेव्हा गल्लोगल्ली होती; मोठा कारखाना खऱ्या गाड्या बनवायचा आणि ही मंडळी त्यांची पिल्लं. ओस्तोरेरो ओतायचा, घासायचा, रंग फवारायचा, आणि मग जे जे किचकट आणि डोळे फोडणारं असेल ते खोक्यात भरून एवेलिनाकडे पाठवायचा. काचांभोवतीची काळी कड. दारांच्या मुठी. मागचे दिवे, तेही दोन रंगांत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडीच्या कुशीवरून पुढून मागे जाणारी चकचकीत पट्टी. खऱ्या गाडीवर ती क्रोमची असते. इथे चंदेरी रंगाची, केसाएवढी. हौशी लोक आधी पट्टी बघतात आणि मग गाडी, असं ओस्तोरेरो म्हणायचा. त्याला म्हणायला काय जातंय.

पट्टी ओढायची तर ब्रशाला चार-पाच केस पुरतात. बाकीचे एवेलिना ब्लेडने छाटून टाकायची. मग करंगळी टेबलावर टेकवायची, दुसऱ्या हातात काडी धरायची, अर्धा श्वास सोडायचा, अर्धा आत धरायचा आणि रेघ स्वतःकडे ओढत आणायची. मधे थांबायची सोय नाही. थांबलं की रंग साचतो, साचला की पट्टीला गाठ दिसते. म्हणून कॉफी काम संपल्यावर. म्हणून कपडे धुवायचं मशीन संध्याकाळी. आणि म्हणूनच रेघ चालू असताना घरात कोणी पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. मुलगी दोनातेल्ला शाळेतून आली की दारात एका पायावर उभी राहायची, आईचा श्वास सुटलेला ऐकू आला की मग दुसरा पाय आत. ती आता लग्न होऊन नोव्हाराला राहते, आणि ही बाई प्रत्येक दारात थबकते अशी तिच्या नवऱ्याची तक्रार आहे.

सेकोंदोनेही जन्मभर हेच काम केलं होतं, फक्त मोठ्या गाड्यांवर. भिंतीपलीकडे, सरकत्या रांगेवर, त्याच्यासमोर गाडी यायची आणि तो तिच्या कुशीला पट्टी बसवायचा. खाचांवर धरायची आणि तळहाताने ठोकायची. हातोडी चालत नाही, पोचा पडतो. माणसाचा हात पडला तरी चालतो. त्याचा उजवा तळवा सुजून पावाच्या कवचासारखा जाड झाला होता आणि मूठ धड मिटत नव्हती. चमचा तो डाव्या हाताने धरायचा. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्याला घड्याळ दिलं, ते डाव्या मनगटाला बांधायला उजवी बोटं वळेनात म्हणून ड्रॉवरमध्ये पडून होतं.

तर या घरात एक रीत पडली होती. अगदी पहिल्या वर्षी ओस्तोरेरोने जी गाडी पाठवली ती नेमकी सेकोंदोच्या हाताखालून जाणारी निघाली. एवेलिनाने सहज विचारलं, "पट्टी कुठे संपते रे?" सेकोंदो कामावरून नुकताच आला होता. त्याने आधी हात धुतले. मग टेबलाशी बसून, टेबलाच्या कडेलाच गाडी समजून, त्याने तळहाताने ठोकून दाखवलं: इथे धर, इथे ठोक, इथे ठोक, दाराच्या मुठीखाली ठोक, संपली. ओस्तोरेरोने दिलेल्या छापील चित्रात पट्टी आखूड होती. सेकोंदो म्हणाला, चित्र खोटं आहे, ते आधीच्या नमुन्याचं असणार. आणि निघालं तसंच. ओस्तोरेरोने त्या वर्षी नाताळला वाइनच्या बाटलीबरोबर सेकोंदोच्या नावाने वेगळी चिठ्ठी पाठवली.

तेव्हापासून कुठलीही नवी गाडी आली की एवेलिना विचारायची, पट्टी कुठे संपते, आणि सेकोंदो सांगायचा. पुढे त्याने जन्मात न पाहिलेल्या गाड्या यायला लागल्या, फ्रेंच काय, जर्मन काय. तरी ती विचारायची आणि तो हात धुऊन यायचा, टेबलाची कड ठोकायचा, आणि फ्रेंचांना पट्टी कुठे थांबवावी याची अक्कल नाही असं मत देऊन उठायचा. अशा वेळी एवेलिना फोटोवरूनच काम करायची हे सांगायला नको. पण विचारणं तिने कधी चुकवलं नाही. काही घरांत जेवणाआधी देवाचं नाव घेतात, या घरात हे.

मागच्या पानगळीपासून सेकोंदोचं काहीतरी बिनसलं होतं. आधी त्याने एकाच सकाळी दोनदा पाव आणला. त्यावर ती हसली. मग एकदा कॉफीची किटली पाणी न घालताच गॅसवर ठेवली आणि घरभर जळका वास सुटला. तेव्हाही तिने ओरडून विषय संपवला. मग बाजारातून परत येताना तो शेजारच्या इमारतीच्या जिन्यात शिरला आणि चौथ्या मजल्यावर कुणाच्या तरी दाराला आपली किल्ली लावत बसला. त्या घरच्या बाईने त्याला हाताला धरून आणून सोडलं. इमारती सगळ्या सारख्याच आहेत, असं एवेलिना त्या बाईला म्हणाली. ते खरंही होतं. पण तो गेली तीस वर्षं त्याच सारख्या इमारतींत राहत होता.

दोनातेल्ला फोनवर रोज डॉक्टर डॉक्टर करायची. एवेलिना म्हणायची, हो, थंडी ओसरली की जाऊ. तिला डॉक्टरकडे जायचं नव्हतं. डॉक्टर त्या गोष्टीला नाव देणार, आणि एकदा नाव मिळालं की ती गोष्ट घरात कायमची राहायला येणार, असं तिला वाटायचं. ती थकली होती. मान दुखायची, पाठ दुखायची, संध्याकाळी डोळ्यांसमोर चंदेरी रेघा तरंगायच्या. त्यात आता एक डोळा सदैव सेकोंदोवर ठेवायचा. एका माणसाने किती गोष्टी डोळ्यात तेल घालून बघायच्या याला काही सुमार असतो.

अशात जानेवारीत ओस्तोरेरोने मोठं खोकं पाठवलं. कुठल्याशा जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळाला आपल्या वर्धापनदिनासाठी या गाड्या हव्या होत्या. एवेलिनाने कागद बाजूला सारला आणि पहिली गाडी बाहेर काढली. गडद निळी, चार दारांची. सेकोंदोची गाडी. त्याने जितकी वर्षं या गाडीला पट्ट्या ठोकल्या तितकी दुसऱ्या कुठल्याच गाडीला नाही.

या गाडीचा एक घोळ होता. ती साधी आणि ऐटबाज अशा दोन तऱ्हांनी निघायची, आणि फरक होता तो पट्टीचा: एकीची मागच्या चाकाच्या कमानीशी संपायची, दुसरीची थेट मागच्या दिव्यापर्यंत जायची. ओस्तोरेरोने दोन्हींना एकच साचा वापरला होता, त्यामुळे गाडीची कूस गुळगुळीत होती, पट्टीची खूणसुद्धा नव्हती. मंडळाला हवी होती साधी गाडी. खोक्यात एक फोटो होता, चांगला स्वच्छ, बाजूने काढलेला. पट्टी कमानीशी थांबलेली त्यात ढळढळीत दिसत होती.

एवेलिनाने फोटो पाहिला. मग तिने हाक मारली. "सेकोंदो, तुझी गाडी आली बघ. निळी. साधी. पट्टी कुठे संपते?"

तो हात धुऊन आला. गाडी बघून त्याचा चेहरा खुलला, असा कित्येक दिवसांत खुलला नव्हता. त्याने टेबलाच्या कडेवर तळवा आपटला. इथे धर, इथे ठोक, इथे ठोक. हात सरकत सरकत टेबलाच्या कोपऱ्यापर्यंत गेला.

"दिव्यापर्यंत," तो म्हणाला. "अगदी दिव्याला टेकते."

"साधी आहे ही."

"साधीच सांगतोय. या हाताने ठोकलीय मी, मला विचारतेस?"

एवेलिनाने पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. पहिल्या वर्षीची गोष्ट तिला आठवली, छापील चित्र खोटं आणि सेकोंदो खरा. तिच्या मनात जे आलं ते शहाणपणाचं नव्हतं, पण आलं खरं: पाव विसरू दे, जिना विसरू दे, पण ही पट्टी जर याला बरोबर आठवत असेल तर अजून सगळं गेलेलं नाही. याला पट्टी आठवते की नाही, हे ठरवायला तिच्याकडे दुसरं काही साधन नव्हतं. फोटो होता, पण तो तिला नकोसा झाला. तिने तो पालथा घातला आणि सगळं खोकंच्या खोकं दिव्यापर्यंत रंगवलं.

एखाद्या परक्या बाईने हे केलं नसतं. जिचा नवरा भिंतीपलीकडे नव्हता, तिने मुकाट्याने फोटो पाहून रेघ ओढली असती आणि पुढच्या कामाला लागली असती.

फेब्रुवारीत ओस्तोरेरो स्वतः आला. सकाळची वेळ होती. सेकोंदो चर्चमागच्या मैदानावर लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळायला गेला होता, तिथे त्याला सगळे ओळखत आणि परत येताना कोणीतरी जिन्यापर्यंत सोबत करी. ओस्तोरेरोच्या बगलेत तेच खोकं होतं. जाडगेला, घामट, मनाने चांगला माणूस. चौथ्या मजल्यापर्यंत धापा टाकत आला आणि आल्या आल्या माफी मागितली.

त्याने खोकं उघडलं. एक गाडी काढून टेबलावर ठेवली, शेजारी फोटो ठेवला. मंडळाचा अध्यक्ष म्हणे फोनवर रडायचाच बाकी होता. ओस्तोरेरोला समजत नव्हतं. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक गाडी चुकलेली त्याला आठवत नव्हती, आणि आता पूर्ण खोकं?

"सिन्योरा एवेलिना, फोटो तर मी दिला होता ना तुम्हाला?"

एवेलिनाने टेबलक्लॉथची घडी सारखी केली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य ओस्तोरेरोच्या वर्कशॉपमध्ये गेलं असतं, तिथून कॉफीच्या बारमध्ये, तिथून मैदानावर, आणि मैदानावरची माणसं सेकोंदोशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागली असती. पट्टीवाला सेकोंदो, त्यालाच पट्टी आठवेना. हे तिला डोळ्यांसमोर दिसलं.

"माझे डोळे," ती म्हणाली. "फोटो नीट दिसला नाही मला. सांगायला हवं होतं, लाज वाटली."

ओस्तोरेरोने मान खाली घातली. मग तो म्हणाला की डोळ्यांचा एक चांगला डॉक्टर त्याच्या ओळखीचा आहे. मग जरा थांबून म्हणाला, मोन्काल्येरी गावची एक मुलगी आहे, हात बरा आहे तिचा, बारीक काम हळूहळू तिच्याकडे द्यावं असं वाटतं, म्हणजे तुमच्यावरचा ताण कमी होईल. एवेलिना म्हणाली, बरोबर आहे. या कामाचा आपल्याला वीट आलाय असं ती स्वतःच उठता-बसता म्हणायची. तरीही हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला रडू येईल की काय असं वाटलं, आणि तिने घाईने बिस्किटांचा डबा पुढे केला. ओस्तोरेरोने दोन खाल्ली. हे खोकं तेवढं तुम्हीच दुरुस्त करा, असं म्हणून तो गेला.

रेघ ओढण्यापेक्षा ओढलेली रेघ पुसणं कितीतरी वाईट. रंग आता पक्का सुकला होता. दात कोरायच्या काडीला कापसाचा धागा गुंडाळायचा, टर्पेंटाइनमध्ये नुसता दाखवायचा, आणि कमानीपासून दिव्यापर्यंतचा तुकडा कणाकणाने मऊ करत उचलायचा. थोडं जास्त झालं की खालचा निळा दुखावतो. कमी झालं की चंदेरी राख पसरते. पट्टीचं हे शेपूट गेल्यावर तिथे मळकट डाग उरतो, तो पॉलिशची पेस्ट लावून फडक्याने चकाकेपर्यंत घासायचा. एवेलिना हे फक्त सकाळी करायची, सेकोंदो मैदानावर असताना. तो यायच्या आत दुरुस्त झालेल्या गाड्या खोक्यात तळाशी, खिडकी उघडून वास बाहेर, आणि गॅसवर मक्याच्या पिठाचा पोलेंता. मग दुपारभर त्याच्यासमोर दुसऱ्याच कुठल्या गाड्यांचे दिवे रंगवत बसायचं. चोरटेपणाने तिला आणखी थकवा यायचा. या वयात नवऱ्यापासून काहीतरी लपवायची पाळी आली, आणि लपवायचं काय, तर बोटभर गाडीचं शेपूट, या विचाराने तिला कधी हसू यायचं, कधी नुसतंच डोकं टेबलावर टेकून बसावंसं वाटायचं.

निम्म्याहून जास्त गाड्या झाल्या होत्या त्या सकाळी बर्फ पडला. मैदान पांढरं झालं आणि खेळ काही झाला नाही. एवेलिनाने खिडकीबाहेर पाहिलं असतं तर तिला कळलं असतं, पण ती पाहत नव्हती. तिच्या हातात निळी गाडी होती, कापसाच्या काडीचं टोक कमानीच्या अगदी कडेशी होतं, आणि श्वास अर्धा आत होता. कुलपात किल्ली फिरली. बाहेरचं दार उघडलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पावलं थांबली.

तिला हात काढता येईना. काढला असता तर कड फाटली असती. तिला श्वासही सोडता येईना. आणि सेकोंदो घराच्या नियमाप्रमाणे एका पायावर भार देऊन दारात उभा राहिला, कोटावर बर्फ तसाच, आणि बघत राहिला. इतक्या सावकाश कधीच कुठली रेघ गेली नसेल. चंदेरी शेपूट कमानीपासून सुटलं, कापसावर आलं. शेजारी फोटो उताणा पडला होता. खोक्याचं झाकण उघडं होतं.

तिचा श्वास सुटला. मग तो आत आला.

"कापलीस," तो म्हणाला.

"मंडळवाल्यांनी मन बदललं. आज हे हवं, उद्या ते हवं, त्यांना काय उद्योग आहेत."

सेकोंदोने कोट काढला, खुंटीला लावला, टोपी झटकली. मग टेबलाशी बसला, फोटो डाव्या हातात घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला.

"ओस्तोरेरो येऊन गेला?"

"हो."

"त्याला काय सांगितलंस?"

"डोळे गेले म्हणून सांगितलं."

"कुणाचे?"

"माझे, आणखी कुणाचे."

त्याने फोटो खाली ठेवला. त्याचा जाड तळवा टेबलाच्या कडेवर आला आणि तिथेच पडून राहिला. ठोकला नाही.

"एवेलिना, ती पट्टी मला आठवत नाही."

तिने टर्पेंटाइनच्या बाटलीला बूच लावलं.

"हात आठवतो. हाताला कसं लागायचं ते आठवतं. पण कुठे थांबायचो ते नाही. पुष्कळ दिवस झाले. किती ते विचारू नकोस, तेही नाही आठवत." तो किंचित हसला.

"मग दिव्यापर्यंत म्हणून कुठून काढलंस?"

"तू विचारलंस ना. काहीतरी सांगायला हवं होतं. दिवा शेवटाला असतो, म्हटलं तिथवर जाऊ दे."

एवेलिनाच्या रागाचा भडका उडाला. तिने काडी फळीत खोचली ती इतक्या जोरात की रांगेतल्या गाड्या हलल्या. "आणि मी खुळी, फोटो पालथा घालून तुझं ऐकत बसले. मान मोडून पुसतेय रोज सकाळी. मोन्काल्येरीची पोर माझं काम घेऊन चाललीय. 'नाही आठवत' एवढं म्हणायला तुझी जीभ झिजली असती का?"

"सांगितलं असतं," सेकोंदो म्हणाला, "तर तू विचारायची थांबली असतीस."

खिडकीबाहेर बर्फ पडत होता. एवेलिनाला एकदम सगळं अंग जड झाल्यासारखं वाटलं, खांदे, हात, पापण्या. फ्रेंच आणि जर्मन गाड्यांची उत्तरं आपण कधीच ऐकत नव्हतो, नुसतं विचारत होतो, हे त्याला ठाऊक होतं की काय, असं तिच्या मनात आलं. बहुधा होतं. तरी तो दर वेळी हात धुऊन येत होता. तिने ओल्या फडक्याने डोळे पुसले, त्याला टर्पेंटाइन लागलं होतं, डोळे आणखी चुरचुरले आणि त्यामुळे तिला मनासारखं रडता आलं.

सेकोंदो उठला आणि त्याने कॉफीची किटली घेतली. एवेलिनाने रडता रडताच पाहिलं. त्याने आधी पाणी घातलं. मग तिच्याकडे वळून किटलीचं झाकण उघडून दाखवलं, पाणी आहे म्हणून.

उरलेल्या गाड्या त्यांनी दोघांनी मिळून केल्या. म्हणजे पुसायची ती, आणि तो पेस्ट लावून घासायचा. त्या तळव्याला घासायला जमे. चोरटेपणा संपल्यामुळे निदान खिडकी बंद ठेवता येत होती. मंडळाला गाड्या वेळेत मिळाल्या आणि अध्यक्ष खूश झाला असं कळलं. ओस्तोरेरो डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव लिहून देऊन गेला. दोघं गेली मात्र दुसऱ्याच डॉक्टरकडे, दोनातेल्लाला बरोबर घेऊन. त्याने त्या गोष्टीला नाव दिलं. ते लांबलचक नाव ट्रामने परत येताना सेकोंदोने दोनदा विचारून घेतलं आणि दोन्ही वेळा विसरला.

मार्च संपता संपता ओस्तोरेरोकडून एक लहानसं खोकं आलं. आता खोकी लहानच येत. बारीक काम बरंचसं मोन्काल्येरीला जायला लागलं होतं. आत करड्या गाड्या होत्या, जर्मन, आणि नेहमीसारखा फोटो. एवेलिनाने ब्रश ओला केला. सेकोंदो समोर बसून ग्रिसीनीचे, त्या काडीसारख्या कडक पावाचे, तुकडे करत होता. तिने फोटो स्वतःकडे ओढला, काही विचारलं नाही, आणि खाली मान घालून पहिली काडी उचलली.

समोरचा आवाज थांबला. तिने वर पाहिलं. सेकोंदो उठून नळाशी गेला होता आणि हात धूत होता. नीट, साबण लावून, नखांतूनसुद्धा. मग पुसून येऊन बसला आणि वाट बघत राहिला. एवेलिनाला खरं तर कशाचंच त्राण उरलं नव्हतं. लवकर आटपावं आणि पडावं, एवढंच तिच्या मनात होतं.

"पट्टी कुठे संपते, सेकोंदो?"

"थांब," तो म्हणाला. "बघून सांगतो."

त्याने तिचाच चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि फोटो जवळ ओढला. टेबलाची कड ठोकली नाही. जाड बोट गाडीच्या पुढच्या दिव्यापासून निघालं, पट्टीवरून घसरत दारापर्यंत आलं, मुठीखालून गेलं, जरा घुटमळलं आणि थांबलं.

"इथे," तो म्हणाला. "जर्मनांना काय कळतं म्हणा."

बोट बरोबर जागी होतं. एवेलिनाने करंगळी टेकवली, अर्धा श्वास सोडला आणि रेघ ओढायला घेतली. सेकोंदोनेही श्वास धरला. रेघ पूर्ण होईपर्यंत त्याने फोटोवरचं बोट उचललं नाही. उचललं असतं तर ते पुन्हा कुठे ठेवायचं हे त्याला आठवलं नसतं, आणि ते आता दोघांनाही ठाऊक होतं.